जुन्या गाडीतील थंडावा : खरेदीपूर्वीची परीक्षा

पाठ-परिचय

अंगात ताप आला म्हणून वैद्य लगेच औषध देत नाही. ताप हे लक्षण आहे. त्याच्या मुळाशी कोणता रोग आहे हे तो आधी ओळखतो. रोग ओळखण्याच्या या क्रियेला निदान म्हणतात. यंत्राच्या बाबतीतही हाच क्रम योग्य ठरतो. वापरलेली मोटारगाडी विकत घेण्यापूर्वी तिच्या वातानुकूलन यंत्रणेचे निदान कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे. हा पाठ अभ्यासल्यावर वातानुकूलनाची मूळ प्रक्रिया अध्ययनार्थ्यांना स्वतःच्या शब्दांत सांगता येईल, लक्षणावरून दोषाचा अंदाज बांधता येईल आणि विक्रेत्याच्या बोलण्यातील ग्राह्य भाग कोणता व संशयास्पद कोणता, हे ओळखता येईल.

मूळ पाठ

तंजावर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शहर. भाताची शेते, कालवे आणि बृहदीश्वर मंदिराचे उत्तुंग शिखर ही त्याची ओळख. मराठी माणसाला या शहराविषयी वेगळी आपुलकी वाटते. कारण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी येथे स्थापन केलेले मराठी राज्य 1855 पर्यंत टिकले, आणि त्या काळी येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांचे वंशज आजही घरात आपली तंजावरी मराठी आणि बाजारात तमिळ बोलतात. उन्हाळा मात्र भाषा पाहत नाही. मे महिन्यातील जो सुमारे पंचवीस दिवसांचा काळ तमिळनाडूत ‘अग्नि नक्षत्रम्’ या नावाने ओळखला जातो, त्या काळात दुपारी रस्ते ओस पडतात. समुद्र फार दूर नसल्याने उष्म्याला दमटपणाची जोड मिळते आणि अंगावरचा घाम वाळत नाही.

अशा शहरात एखाद्या तरुणाने पर्यटकांसाठी टॅक्सी चालविण्याचे ठरविले, असे समजू. नवी गाडी त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. आईचे थोडे दागिने, काही वर्षांची बचत आणि कर्ज अशी जुळवाजुळव करून तो जुनी गाडी पाहू लागतो. कुंभकोणम, दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम, वेळांकण्णी असे प्रवाशांचे नेहमीचे मार्ग. या मार्गांवर मे महिन्यात एसी बंद पडला, तर प्रवासी अर्ध्या वाटेत भाडे कापून घेतील आणि पुन्हा त्याला बोलावणार नाहीत. कर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या ठरल्या तारखेला द्यावाच लागेल. त्याच्यासाठी एसी ही चैन नसून गाडीच्या चाकांइतकीच आवश्यक वस्तू आहे. तरीही गाडी पाहताना इंजिन, टायर आणि रंग यांची कसून तपासणी होते आणि एसीची परीक्षा ‘लावला, गार वारा आला, ठीक आहे’ एवढ्यावर आटोपते.

निदानाची परंपरा या शहराला नवी नाही. 1798 ते 1832 या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी ‘धन्वंतरी महाल’ नावाची वैद्यकीय संस्था चालविली होती. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन करून ठेवलेली आहेत. आयुर्वेदाने रुग्णाच्या परीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. म्हणजे पाहणे, हात लावून पाहणे आणि विचारणे. मोटारीच्या एसीची परीक्षाही बव्हंशी याच तीन मार्गांनी होते. फक्त त्यांत ऐकणे आणि वास घेणे यांची भर घालावी लागते.

थंडावा येतो कोठून?

परीक्षेपूर्वी यंत्राचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे. अन्यथा लक्षणे दिसूनही त्यांचा अर्थ लागत नाही. एसी थंडी ‘तयार’ करीत नाही. तो गाडीच्या आतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हे ओझे वाहणारा हमाल म्हणजे यंत्रणेतील वायू. गेल्या काही दशकांत बहुसंख्य मोटारींमध्ये आर-134ए हा वायू वापरला गेला. साध्या वातावरणीय दाबाखाली तो उणे 26 अंश सेल्सिअसलाच उकळतो. द्रव उकळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. हातावर स्पिरिट लावले असता गार वाटते ते याच कारणाने.

इंजिनच्या बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर या वायूला दाबतो. दाबलेला वायू तापतो. तो गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तेथे पंख्याचा वारा लागून तो उष्णता सोडतो व द्रवरूप होतो. पुढे एका अरुंद झडपेतून सुटताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि तो अतिशय थंड होतो. हा थंड द्रव डॅशबोर्डच्या आत दडलेल्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो. ब्लोअर त्या कॉइलवरून हवा फेकतो आणि तीच हवा प्रवाशाला गार लागते. उकळून पुन्हा वायुरूप झालेला पदार्थ कॉम्प्रेसरकडे परततो. हे चक्र पूर्णपणे बंदिस्त असते. पेट्रोल जळून संपते, तसा एसीचा गॅस संपत नाही. या एका वाक्याचे महत्त्व पुढे कळेल.

तंजावरसारख्या दमट ठिकाणी कूलिंग कॉइलला दुहेरी काम करावे लागते. हवा थंड करायची आणि हवेतील बाष्पाचे पाणीही करायचे. एक लिटर पाणी बाष्पातून द्रवरूपात आणण्यासाठी जेवढी उष्णता काढून घ्यावी लागते, ती एक लिटर उकळते पाणी बर्फाइतके गार करण्यासाठी लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटींहून अधिक असते. म्हणून कोरड्या हवेच्या गावात समाधानकारक वाटलेला एसी येथे थिटा पडू शकतो, आणि डिसेंबरच्या पावसाळी संध्याकाळी घेतलेली परीक्षा मे महिन्याविषयी काहीच सांगत नाही. गाडी भर दुपारी, उन्हात उभी असताना पाहावी. विक्रेत्याने आपण येण्यापूर्वीच एसी चालवून गाडी गार करून ठेवली असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी यावे. बॉनेटला हात लावला असता ते गरम लागले, तर गाडी नुकतीच चालविली गेली आहे हे कळते. अर्थात ती उन्हातच उभी नसेल तर.

प्रश्न

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न थोडे आहेत. गॅस शेवटचा केव्हा भरला? कोणता सुटा भाग बदलला? त्याची पावती आहे का? गाडी कोठे फिरत होती? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. ‘मागच्याच आठवड्यात गॅस भरून घेतला आहे, एसी अगदी फर्स्ट क्लास’ असे विक्रेता अभिमानाने सांगतो आणि ग्राहकही समाधानाने मान डोलावतो. वास्तविक हे वाक्य ऐकताच कान टवकारले पाहिजेत. बंदिस्त यंत्रणेतील गॅस कमी झाला, याचा अर्थ तो कोठून तरी गळाला. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे अगदी सूक्ष्म झिरपणी होते हे खरे. पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर छिद्र आहे आणि ते बुजविलेले नाही. ताजा भरलेला गॅस हा दोष काही आठवडे झाकून ठेवतो. सौदा होण्यास तेवढा अवधी पुरेसा असतो. म्हणून ‘गळती कोठे सापडली आणि ती कशी बंद केली?’ हा पुढचा प्रश्न विचारावा. याचे उत्तर ज्याच्याकडे पावतीसह आहे, त्याचा गॅस भरल्याचा दावा मात्र गाडीच्या बाजूने धरावा.

गाडी कोठे फिरत होती, हा प्रश्नही वरवरचा नाही. टीएन 51 हा क्रमांक नागपट्टिणमचा. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्याने कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या कुरतडल्या जातात. त्रिभुज प्रदेशातील खेड्यांतून फिरणाऱ्या गाडीची अडचण निराळी असते. सुगीच्या दिवसांत शेतकरी भात रस्त्यावरच वाळत घालतात. त्याचा कोंडा, पेंढ्याचे तुकडे आणि धूळ कंडेन्सरच्या फटींत जाऊन बसते. हा दोष गंभीर नाही. पाण्याच्या हलक्या धारेने स्वच्छता केली की तो बहुधा दूर होतो. आणि ज्या ग्राहकाला हे ठाऊक आहे, त्याला मळलेल्या कंडेन्सरमुळे कमी गार होणारी चांगली गाडी स्वस्तात मिळू शकते.

दर्शन आणि श्रवण

गाडीला उघड्या जागेत उभे करून, इंजिन बंद असताना बॉनेट उघडावे. बेल्टला भेगा आहेत का, तो सैल आहे का, हे पाहावे. नळ्यांच्या सांध्यांवर, कॉम्प्रेसरच्या कडेला आणि कंडेन्सरच्या पृष्ठभागावर तेलकट डाग शोधावेत. गॅस अदृश्य असतो. पण त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरचे वंगणतेलही चक्रातून फिरत असते. जेथून गॅस निसटतो तेथे हे तेल धुळीला धरून काळसर डाग सोडते. चोराच्या पाऊलखुणांप्रमाणे हा डाग गळतीची जागा दाखवितो. सगळे इंजिन नुकतेच धुऊन चकचकीत केलेले असेल, तर पाऊलखुणा पुसल्या गेल्या असण्याची शक्यता धरावी.

आता इंजिन सुरू करून एसी लावावा. अनेक गाड्यांत कॉम्प्रेसरचा क्लच बसताना ‘खट्’ असा स्पष्ट आवाज येतो आणि इंजिनाची चाल क्षणभर बदलते. काही नव्या गाड्यांत असा क्लच नसतो. तेथे खटका ऐकू आला नाही म्हणून दोष मानू नये. खटका काही सेकंदांच्या अंतराने सारखा लागत व सुटत राहिला, तर गॅस कमी असण्याची शक्यता अधिक. एसी लावताच खरखर किंवा घरघर सुरू होते आणि बंद करताच थांबते, तेव्हा संशय कॉम्प्रेसरवर जातो. हा सर्वांत महाग संशय होय. एसी बंद असतानाही आवाज चालूच राहिला, तर एखाद्या बेअरिंगचा दोष असू शकतो. तो तुलनेने स्वस्त.

एसी लावल्यावर कंडेन्सरपुढचा किंवा मागचा पंखा फिरू लागला पाहिजे. हा पंखा कोणतीही सूचना न देता आपोआप सुरू होतो. म्हणून वेष्टीचा सोगा, ओढणी, साडीचा पदर किंवा बोटे त्याच्याजवळ नेऊ नयेत.

स्पर्शन आणि गंध

मधल्या झरोक्यात साधा थर्मामीटर ठेवावा. ताप मोजण्याचा नव्हे. हवेचे तापमान दाखविणारा. काचा बंद, आतलीच हवा फिरविण्याची कळ चालू आणि ब्लोअर मध्यम गतीवर ठेवून दहा मिनिटे थांबावे. बाहेर 35 अंश असताना झरोक्यातील हवा 5 ते 10 अंशांपर्यंत उतरली, तर प्रकृती उत्तम. हवा फार दमट असल्यास दोन-तीन अंश अधिक धरण्यास हरकत नाही. 18-20 अंशांवर काटा अडून बसला, तर काहीतरी बिघडले आहे. हाताला मात्र 18 अंशांची हवादेखील उन्हातून आल्यावर गारच लागते. म्हणूनच हाताच्या साक्षीवर विसंबू नये.

हवा गार आहे पण जोर नाही, तर गॅसला दोष देऊ नये. हवेची जाळी, म्हणजे केबिन फिल्टर, तुंबलेला असतो किंवा ब्लोअर थकलेला असतो. ब्लोअर फक्त शेवटच्या गतीवर चालतो आणि खालच्या गतींवर गप्प राहतो, ही तक्रार अनेक जुन्या गाड्यांत आढळते; तिच्या मुळाशी रेझिस्टर नावाचा एक लहानसा भाग जळालेला असतो. ‘ब्लोअर गेला’ या सबबीवर मोठी रक्कम मागणारा मेकॅनिकही भेटू शकतो आणि याच कारणासाठी गाडी नाकारणारा ग्राहकही. दोघेही चुकतात.

दमट ओल्या कापडासारखा वास कूलिंग कॉइलवरील बुरशीमुळे येतो. गोडसर वास आणि काचेवर चिकट धुके दिसले, तर दोष एसीचा नसून हीटरच्या कॉइलमधून इंजिनाचे शीतक द्रव गळत असल्याचा संभव असतो. गाडीखाली स्वच्छ पाण्याचे थेंब पडणे हे मात्र आरोग्याचे लक्षण आहे. हवेतून काढलेले बाष्प असे बाहेर पडते. बराच वेळ एसी चालूनही थेंब पडत नाहीत आणि पुढच्या प्रवाशाच्या पायाखालची सतरंजी ओली लागते, तर पाण्याची नळी तुंबून पाणी आत सांडत आहे.

याच सतरंजीखाली आणखी एक गोष्ट तपासावी. डिसेंबर 2015 मधील चेन्नईच्या महापुरात आणि डिसेंबर 2023 मधील मिचाँग वादळाच्या पावसात असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. बुडालेल्या गाड्या धुऊन, पुसून दूरच्या गावांत विकल्या जाण्याचा धोका अशा प्रत्येक पुरानंतर असतो. आसनांच्या बोल्टवरील गंज, सतरंजीखालील वाळलेला गाळ, ब्लोअरची कुरकुर आणि झरोक्यांतून येणारी मातकट धूळ ही चिन्हे एकत्र दिसली, तर एसीचा विचार बाजूला ठेवून त्या गाडीचाच विचार सोडावा.

उभी गाडी आणि धावती गाडी

निदानाचा सर्वांत बोलका भाग येथे आहे. गाडी धावत असताना थंडावा चांगला, पण सिग्नलला थांबताच हवा कोमट होते, तर कंडेन्सरला वारा मिळत नाही. पंखा बंद आहे किंवा जाळी तुंबली आहे. याच्या उलट, निघताना हवा अगदी गार, अर्ध्या तासाने वारा मंदावतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा पूर्ववत होतो, तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमत आहे. तिचे तापमान ओळखणारा संवेदक बिघडलेला असू शकतो. एसी लावल्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढू लागला, तर प्रश्न रेडिएटरपर्यंत पोहोचला आहे. ही लक्षणे पाच मिनिटांच्या फेरीत दिसत नाहीत. किमान अर्धा तास, त्यातही थोडा वेळ जुन्या बसस्थानकाजवळच्या गर्दीत आणि थोडा वेळ तिरुच्चीच्या मोकळ्या रस्त्यावर, अशी फेरी आवश्यक आहे. विक्रेता अर्ध्या तासास नकार देत असेल, तर तो नकार हेही एक लक्षणच.

संशय उरल्यास एसीच्या कारागिराकडे गेज लावून घ्यावे. त्याचे शुल्क सौद्याच्या मानाने नगण्य असते. आर-134ए भरलेल्या गाडीत, बाहेर 35 अंश असताना, यंत्रणा चालू असेल तर कमी दाबाची बाजू साधारण 30 ते 45 पीएसआय आणि जास्त दाबाची बाजू 200 ते 250 पीएसआयच्या आसपास असते. दोन्ही आकडे बरेच खाली असतील, तर गॅस कमी. कमी दाबाचा आकडा वर आणि जास्त दाबाचा खाली येऊन दोघे जवळजवळ आले, तर कॉम्प्रेसर दाबण्याचे काम करीत नाही. इंजिन बंद असतानाचा आकडा मात्र फसवा असतो. 35 अंशांना तो सुमारे 115 पीएसआय दाखवितो. परंतु यंत्रणेत थोडासा द्रव शिल्लक असला तरी तो तेवढाच राहतो. अर्धी भरलेली आणि पूर्ण भरलेली यंत्रणा त्यावरून ओळखता येत नाही. नळी स्वतः कधीही उघडू नये. निसटणारा द्रव त्वचेला व डोळ्यांना गोठवून इजा करतो. शिवाय हा वायू हवेत सोडणे पर्यावरणालाही घातक आहे. वजनागणिक तुलना केली असता शंभर वर्षांत तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटींहून अधिक तापमानवाढ घडवितो. याच कारणाने 2016 च्या किगाली करारात अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटविण्याचे ठरले; भारताने त्यास 2021 मध्ये मान्यता दिली.

निदान झाले की भावाची बोलणी सोपी होतात. तुंबलेला फिल्टर, जळालेला रेझिस्टर, मळलेला कंडेन्सर यांचा खर्च किरकोळ. त्यासाठी चांगली गाडी सोडू नये. कूलिंग कॉइल स्वतः फार महाग नसली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी अनेक गाड्यांत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि मजुरी वाढते. कॉम्प्रेसर आतून झिजून मोडला असेल, तर त्याचा धातूचा चुरा नळ्यांतून कंडेन्सरपर्यंत पसरतो. नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही; जुना चुरा नव्या कॉम्प्रेसरलाही खातो. अशा गाडीच्या किमतीतून संपूर्ण यंत्रणेचा खर्च वजा करावा. तेवढी घट विक्रेत्याला मान्य नसेल, तर दुसरी गाडी पाहावी. टॅक्सी घेऊ पाहणाऱ्या तरुणाने दुरुस्तीचा अंदाज तोंडी न घेता कागदावर लिहून घ्यावा आणि तोच कागद विक्रेत्यापुढे ठेवावा.

पाठगत प्रश्न

1. ‘मागच्याच आठवड्यात गॅस भरला आहे’ या विधानाचे दोन भिन्न अर्थ कोणते होऊ शकतात? कोणता पुरावा मिळाल्यास ते विधान विश्वसनीय ठरेल?

2. एक गाडी महामार्गावर गार राहते व गर्दीत कोमट होते. दुसरी निघताना गार असते व अर्ध्या तासाने तिचा वारा मंदावतो. दोन्ही दोषांची कारणे लिहून कोणती गाडी घेणे कमी जोखमीचे आहे, ते सकारण सांगा.

3. गाडीखाली पडणारे पाणी, सांध्यावरील तेलकट डाग आणि ओली सतरंजी यांपैकी आरोग्याचे लक्षण कोणते?

4. आपल्या परिसरातील एखाद्या एसी कारागिराची भेट घेऊन, ग्राहक कोणत्या तक्रारी घेऊन येतात आणि प्रत्यक्ष दोष कोणता निघतो, याची दहा-बारा ओळींत नोंद करा.